हजार जागांसाठी अडीच हजार पत्रं

मार्चअखेर अमेरिकी विद्यापीठांची उत्तरं येतात. कुणाला प्रवेश मिळतो, कुणाला नकार. काहींना मात्र कळतं, ‘तुमचं नाव प्रतीक्षायादीत आहे.’ मग पुण्यातल्या घरातही एकच प्रश्न घोळत राहतो : नंबर लागेल का? रेल्वेच्या वेटिंगला निदान क्रमांक असतो. इथल्या अनेक याद्यांना तोही नसतो.

उत्तर शोधायला विद्यापीठाच्या बाजूनं हिशेब मांडून पाहू. समजा, जागा १००० आहेत आणि प्रवेश देऊ केलेल्या शंभरांपैकी सरासरी ४० जण येतात. म्हणजे २५०० जणांना पत्रं धाडावी लागतील. प्रत्येकानं आपापला स्वतंत्र निर्णय घेतला, तर २५००, ०.४ आणि ०.६ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, म्हणजे सुमारे २४.५, हे प्रमाण विचलन. त्याच्या दुपटीइतका चढउतार अगदी नेहमीचा. त्यामुळे येणारी मुलं ९५० असतील किंवा १०५०ही. वसतिगृहात पन्नास खाटा ऐनवेळी कुठून आणायच्या?

म्हणून विद्यापीठ हात राखून २३७५ पत्रंच पाठवतं. आता सरासरी ९५० मुलं येतील आणि उरलेल्या जागा यादीतून भरतील. त्या कधी दोन-चार असतील, कधी शंभराच्या घरात. यादीतली मुलं तीच, गुणही तेच. तरी संधीत एवढी तफावत पडते. प्रत्यक्षात ती आणखी वाढते, कारण निर्णय एकमेकांत गुंतलेले असतात. एखाद्या विद्यापीठानं शिष्यवृत्ती वाढवली की मुलं घोळक्यानं तिकडं वळतात. वरच्या विद्यापीठानं यादीतून एकाला घेतलं की खालच्या विद्यापीठात एक जागा रिकामी होते आणि साखळी पुढं सरकते.

हा तिढा १९६२मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी हाती घेतला. त्यांची रीत सोपी आहे. प्रत्येक मूल आधी पहिल्या पसंतीकडे जातं. महाविद्यालय जागांइतकी सर्वांत वरची मुलं तात्पुरती धरून ठेवतं, बाकीच्यांना सोडतं. ती पुढच्या पसंतीकडे जातात. तिथं जास्त गुणांचं मूल आलं, तर आधी धरलेलं सुटतं. कुणालाच पुढं जावं लागत नाही, तेव्हा प्रवेश पक्के होतात. शॅपली यांना २०१२मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयआयटी-एनआयटीचे ‘जोसा’ प्रवेश याच तत्त्वावर, पसंतीक्रम भरून घेऊन, अनेक फेऱ्यांत होतात.

अमेरिकेत मात्र अशी सामाईक व्यवस्था नाही. तिथं अर्ज केलेल्यांनी ‘कॉमन डेटा सेट’ हा वार्षिक तक्ता जरूर पाहावा. यादीत किती जणांना ठेवलं, किती थांबले, किती जणांना घेतलं, हे अनेक विद्यापीठं त्यात देतात. एका वर्षावर विसंबू नका, चार-पाच वर्षं ताडून पाहा. आणि साधारणपणे १ मेची मुदत असते, तिच्या आत हाती असलेली दुसरी जागा पैसे भरून पक्की करा. नंबर लागलाच नाही, तर स्वतःला कमी लेखू नका. त्या पन्नास खाटांचा हिशेब तुमच्या गुणपत्रिकेत कुठंच नसतो.