सामायिक रॅकमधील उपकरणांची सुरक्षा

विदा केंद्रातील एकाच रॅकमध्ये अनेक ग्राहकांचे सर्व्हर ठेवलेले असल्यास त्यास सामायिक रॅक म्हणतात. प्रमाणित रॅक १९ इंच रुंदीच्या उपकरणांसाठी असतो. उंची 'यू' या एककात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच. सर्वत्र आढळणारा रॅक ४२ यू उंचीचा असतो. एक-दोन यू जागा पुरेशी असणाऱ्या ग्राहकास संपूर्ण रॅकचे भाडे परवडत नाही, म्हणून ही व्यवस्था रूढ झाली.

रॅकच्या दाराचे कुलूप बाहेरच्या व्यक्तीस अडवते, त्याच दाराने आत येणाऱ्या शेजारी ग्राहकास नाही. येथे चोरीइतकीच साधी चूकही महागात पडते: दुसऱ्याची केबल उपसली जाते, भलतेच बटण दाबले जाते. यासाठी केबलच्या दोन्ही टोकांना नामपट्ट्या लावतात आणि ओढल्याने न निसटणारे वीजजोड वापरतात. काही रॅक स्वतंत्र दारे व कुलपे असलेल्या कप्प्यांत विभागलेले असतात. मात्र केबलचा मार्ग सामायिक राहिल्यास ही विभागणी अपुरीच ठरते. कप्पे नसल्यास केंद्राच्या कर्मचाऱ्याच्या उपस्थितीतच दार उघडू देणे इष्ट.

विजेचा धोका सहज लक्षात येत नाही. रॅकला दोन स्वतंत्र पुरवठे असले, तरी त्यांवरील एकत्रित भार एका पुरवठ्याच्या क्षमतेपेक्षा जास्त असल्यास एक खंडित होताच दुसऱ्याचा ब्रेकरही पडतो. एका ग्राहकाच्या अतिभाराने सर्वांचे सर्व्हर बंद पडू शकतात.

डिस्कवरील विदा कूटबद्ध केल्यास काढून नेलेली डिस्क वाचता येत नाही. चालू सर्व्हरच्या स्मृतीत मात्र कूटकळ असतेच, त्यामुळे वापरात नसलेले यूएसबी पोर्टही बंद ठेवावे लागतात.