आकडा बरोबर, तरी दम लागतोय

कोरोनाच्या काळात आपल्या घराघरांत एक चिमटा आला: रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा ऑक्सिमीटर. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताईही तोच घेऊन दारोदार फिरत होत्या. बोट आत घालायचं, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बघायचं. 95च्या वर दिसला की घरदार निर्धास्त.

त्याच वर्षी, 2020मध्ये, अमेरिकेत एमी मोरान-थॉमस या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आजारी नवऱ्यासाठी ऑक्सिमीटर आणला आणि त्यांना प्रश्न पडला: काळ्या बोटावरही हा खरं सांगतो का? त्यांचा लेख वाचून मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्याच नोंदी तपासल्या. ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात 88च्या खाली होता, असं गोऱ्या रुग्णांच्या 3.6 टक्के नोंदींत आढळलं. काळ्यांच्या नोंदींत, 11.7 टक्के.

हा चिमटा लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून सोडतो आणि रक्ताने कोणता किती शोषला त्यावरून हिशेब मांडतो. पण त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. यंत्राची चाचणी प्रामुख्याने उजळ कातडीवर झाली, तर गडद बोटावर आकडा फुगतो. अमेरिकेच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाचणीला दहा माणसं चालत; त्यांत गडद वर्णाची दोन असली की झालं!

कोरोनाचे उपचार याच आकड्यावर ठरत होते. काळ्या आणि हिस्पॅनिक रुग्णांना उपचारांची गरज आहे हे उशिरा लक्षात आलं, काहींच्या बाबतीत आलंच नाही, असं 2022च्या एका अभ्यासात दिसलं. इथे कुणा डॉक्टरच्या मनात आकस असायची गरजच नव्हती. मला जास्त अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. रुग्ण ‘दम लागतोय’ म्हणत असेल, तर त्याचं ऐकायला हवं होतं. पण ऐकणाऱ्याच्याच मनात पूर्वग्रह असतील तर? काळ्यांची कातडी जाड असते, असल्या खुळ्या समजुतींपैकी एखादी तरी व्हर्जिनियातल्या जवळपास निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी खरी मानल्याचं 2016मध्ये समोर आलं होतं. अशा ठिकाणी यंत्र आणि माणूस यांच्यात वाद झाला, तर माणूस हरतो.

जानेवारी 2025मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने नव्या मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला. त्यात चाचणीसाठी किमान दीडशे, वेगवेगळ्या वर्णाची माणसं सुचवली आहेत.

आपल्याकडे सावळी-काळी बोटं घरोघरी आहेत. तुमच्या कपाटातला चिमटा टाकून देऊ नका. पण धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा कालचा 98 आज 94 झाला असेल, तर आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. दवाखाना गाठा.