दाव्यावर नाव कुणाचं? (लेखांक ६)

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाणं आता पुण्या-नाशकातल्या कितीतरी घरांत नेहमीचं झालं आहे. तिथे गेल्यावर आजोबांना विरंगुळा एकच, सकाळी घराच्या आसपास पाय मोकळे करायचे. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन शहरात गुजरातेतून आलेले सत्तावन्न वर्षांचे एक आजोबा असेच फिरत होते. नातू दिवस भरायच्या आत जन्मलेला, म्हणून मुलाच्या मदतीला आलेले. कुणीतरी संशयाने फोन केला आणि पोलीस आले. इंग्रजी येत नाही, भारतातला आहे, एवढंच आजोबा कसंबसं सांगू शकले. झडती घेता घेता एका अधिकाऱ्याने त्यांना तोंडावर जमिनीवर आपटलं. मानेला मार बसला, शस्त्रक्रिया करावी लागली, अंगातली ताकद गेली. पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने हे सगळं टिपलं.

अधिकाऱ्यावर फौजदारी खटला भरला गेला. दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं. पण त्याने सगळं संपत नाही. फौजदारीत गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात मात्र पारडं वादीच्या बाजूला थोडं झुकलं तरी पुरतं. आजोबांनी शहरावर दावा लावला, आणि त्या अधिकाऱ्यावरही, व्यक्तिशः.

हा ‘व्यक्तिशः’ शब्द फार मोलाचा आहे. अधिकाऱ्यावर फक्त ‘पदाच्या नात्याने’ दावा लावला, तर तो खरं म्हणजे शहरावरचाच दावा ठरतो. आणि शहर सहज सापडत नाही. १९७८ च्या मोनेल निकालाप्रमाणे नोकराने चूक केली म्हणून मालक आपोआप जबाबदार होत नाही. चुकीमागे शहराचं धोरण किंवा रुळलेला प्रघात होता, हे दाखवावं लागतं. म्हणून दाव्यात माणसाचं नाव घालायचं.

या दाव्याचा आधार आहे १८७१ चा कायदा. कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांपासून नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना वाचवण्यासाठी तो झाला, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं बहुतेक पडूनच राहिला. १९५८ मध्ये शिकागोत तेरा पोलीस पहाटे एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरात वॉरंटशिवाय घुसले. नवरा-बायकोला अंथरुणातून उठवून दिवाणखान्यात विवस्त्र उभं केलं; घरात सहा मुलं होती. नवऱ्याला दहा तास चौकीत डांबलं आणि आरोप न ठेवताच सोडलं. राज्याचा कायदा मोडणारा पोलीससुद्धा वर्दीच्याच बळावर वागत असतो, म्हणून या कायद्याखाली त्याला कोर्टात खेचता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. मन्रो विरुद्ध पेप म्हणतात तो हाच.

अडसर आहे ‘क्वालिफाइड इम्युनिटी’चा, म्हणजे अधिकाऱ्याला मिळणाऱ्या कायदेशीर कवचाचा. हक्काचा भंग झाला एवढं दाखवून भागत नाही. असं वागणं बेकायदा आहे हे आधीच्या निकालांवरून त्या वेळी स्पष्ट ठरलेलं असावं लागतं. जुळता निकाल सापडला नाही, तर प्रकरण बहुधा ज्युरीपुढे जातच नाही. टेनेसीतल्या एका दाव्यात हात वर करून बसलेल्या माणसावर पोलिसांनी कुत्रा सोडला होता. आधीच्या निकालातला माणूस आडवा पडलेला होता, हा बसलेला. तेवढ्या फरकावर पोलीस सुटले. मला हे न्यायाचं वाटत नाही. जखम झालेल्याने आपल्यासारखाच जखमी आधी शोधून आणायचा, हा कुठला नियम?

मॅडिसनच्या आजोबांच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. निमूट उभ्या असलेल्या, विरोध न करणाऱ्या माणसाला आपटणं बेकायदा आहे हे आधीच ठरलेलं होतं, असं अपील कोर्टाने २०२० मध्ये म्हटलं आणि अधिकाऱ्याला ते कवच नाकारलं. पुढच्या वर्षी साडेसतरा लाख डॉलरवर तडजोड झाली. अशा रकमा अधिकाऱ्याच्या खिशातून जवळजवळ कधीच जात नाहीत, शहर किंवा त्याचा विमा भरतो. मग त्याचं नाव घालायचं कशाला, असं कुणी विचारेल. पण नाव असलं की त्याला वादीच्या वकिलासमोर बसून शपथेवर सांगावं लागतं, की त्या सकाळी आपण काय केलं.