कारीगर तापाने फणफणतो, तरी माग चालूच!

भिवंडी असो, मालेगाव असो की इचलकरंजी, यंत्रमागाचा कारीगर बांधलेल्या पगारावर क्वचितच असतो. जितके मीटर कापड निघेल तितकी मजुरी. खाडा पडला की त्या दिवसाची रोजी गेली. म्हणून अंगात ताप असला तरी गोळी घेऊन तो बारा तासांची पाळी भरतो. सहा-आठ मागांवर नजर ठेवायची, कांडी बदलायची, तुटलेली तार जोडायची, आणि इकडे डोके ठणकते आहे. नतीजा काय? तार तुटलेलीच राहते आणि कापड पुढे सरकते. आम्ही व्यापारी गादीवर ताका उलगडतो तेव्हा ते दिसते. मग भाव कापला जातो किंवा माल फेंटमध्ये जातो. मालक म्हणतात, कारीगर कामचोर आहे. अहो, आधी त्याची नाडी तरी पाहा!

खोकल्याची गोष्ट याहून वाईट. एका खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपतात. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रातपाळीवाला. एकाला क्षय झाला तर तो एकट्याचा राहत नाही.

यावर इलाज नवा नाही. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली राज्य कामगार विमा योजना, म्हणजे आपली ई.एस.आय., आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेखाली चालते. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असणारा तिच्यात येतो. ताक्यावर मजुरी घेणाऱ्याला ती लागू नाही, हा गैरसमज आहे.

हिसाब पाहा. मजुरी १५,००० असेल तर कारीगराचा पाऊण टक्का म्हणजे ११३ रुपये, मालकाचा सव्वातीन टक्के म्हणजे ४८८. त्यावर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के, म्हणजे दिवसाला सुमारे ३५० रुपये मिळतात. ते शेठच्या गल्ल्यातून नव्हे, महामंडळाकडून. क्षयासारख्या लांबलेल्या रोगात, जुन्या विमेदाराला, ही मुदत वाढते आणि दर ८० टक्के होतो.

तरी एकाच छपराखाली चोवीस माग आणि कागदावर तीन भाऊ व एक भावजय अशी वाटणी करून दहाचा आकडा भरू न देण्याची हिकमत सर्वांना ठाऊक आहे. महिन्याचे ४८८ वाचतात खरे. डॅमेजचा खर्च मात्र कोणी वहीत वेगळा मांडत नाही.

योजनेत उणिवाही आहेत. पहिले दोन दिवस सहसा काही मिळत नाही. नव्या माणसाला साधारण नऊ महिने थांबावे लागते. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी. दोन-तीन महिने गावी जाणाऱ्याचे गणित इथेच बिघडते. या फटी मालकानेच भराव्यात. दोन दिवसांची मजुरी शेठने द्यावी आणि बदली कारीगर लावावा. माग बंद राहत नाही, ताकाही साफ उतरतो.