चोच पाण्यात, शेपूट बाहेर

हिवरखेडहून उत्तरेकडे निघालं की सपाट काळी जमीन लवकरच संपते आणि सातपुडा सुरू होतो. त्या पायथ्याशी वान नदीवर वारीचं धरण आहे, जलाशयाचं नाव हनुमान सागर. अशा मोठ्या पाण्यावर हिवाळ्याच्या सकाळी कवड्या खंड्याची मासेमारी पाहावी. काळ्या-पांढऱ्या पिसांचा हा पक्षी पाण्यापासून चार-पाच मीटर उंचीवर पंख फडफडवत एकाच जागी थांबतो, मान वाकवून खाली बघतो आणि मासा दिसला की सरळ सूर मारतो. चोच पाण्यात शिरली आहे आणि शेपूट अजून बाहेर आहे, हा फोटो मिळवण्यासाठी लोक वर्षानुवर्षं काठावर बसतात.

अकोला, अकोट, तेल्हारा भागातली पुष्कळ तरुण मुलं आता वन्यजीव छायाचित्रणाकडे वळली आहेत. कॅमेरा घेताना त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: बर्स्ट किती? म्हणजे बटण दाबून ठेवलं तर सेकंदाला किती फ्रेम निघतात? प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर कॅमेऱ्याच्या खोक्यावर नसतं, ते समोरच्या प्राण्याच्या हालचालीत असतं. त्यासाठी शाळेतलं गतीचं गणित पुरतं.

खंड्या ५ मीटरवरून सुटला आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर पाण्यापर्यंत यायला त्याला जवळपास १ सेकंद लागतो. पाण्याला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर असतो. पक्ष्याची लांबी साधारण २५ सेंटिमीटर. म्हणजे चोच पाण्याला लागल्यापासून शेपूट बुडेपर्यंतचा काळ सेकंदाचा चाळिसावा भाग. सेकंदाला १० फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्यात दोन फ्रेममधलं अंतर सेकंदाचा दहावा भाग असतं आणि तेवढ्यात खंड्या १ मीटर खाली गेलेला असतो. त्यामुळे हवा तो क्षण सापडण्याची शक्यता चारात एक. २० फ्रेमचा कॅमेरा असेल तर दोनात एक. खात्रीच हवी असेल तर ४० फ्रेम लागतील. बर्स्टवर पैसा ओतून खरोखर काही मिळतं, त्याचं हे अगदी चोख उदाहरण आहे.

इथे एक गल्लत नेहमी होते. बर्स्टचा वेग आणि शटरचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बर्स्ट ठरवतो की दोन फोटोंच्या मध्ये किती वेळ जाईल. एक फोटो किती वेळ प्रकाश घेईल, हे शटर ठरवतं. शटर १/५०० सेकंदाला ठेवलं तर तेवढ्या वेळात हा खंड्या २ सेंटिमीटर सरकतो आणि डोळा पुसल्यासारखा येतो. १/२००० ला तो ५ मिलिमीटर सरकतो, चित्र बरंच चालण्याजोगं होतं. शटर मंद असेल तर सेकंदाला ४० फ्रेम म्हणजे फक्त ४० धूसर फोटो.

हे सगळं नवीन वाटतं, पण मुळात ते १९व्या शतकातलं आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. खांद्याला लावायचा, उडत्या पक्ष्यावर नेम धरायचा आणि चाप ओढायचा. आत फिरणाऱ्या तबकडीवर एका सेकंदात १२ चित्रं उमटत, प्रत्येक चित्राला प्रकाश मिळे सेकंदाचा ७२०वा भाग. त्याला सुंदर फोटो नको होते. पक्षी पंख नेमके कसे हलवतो, हे त्याला मोजायचं होतं. आपला बर्स्टही असंच मोजमापाचं साधं उपकरण होऊ शकतो. दोन फ्रेममधला वेळ माहीत असला की पक्ष्याची गती काढता येते. मात्र एक गंमत ध्यानात ठेवावी. पक्षी सेकंदाला १० वेळा पंख मारत असेल आणि कॅमेरा सेकंदाला १० फ्रेम घेत असेल, तर प्रत्येक फ्रेममध्ये पंख एकाच अवस्थेत दिसतात. तीस फोटो काढून तीसही फोटोंत पंख खालीच, असं झालं तर दोष छायाचित्रकाराचा नसतो. बर्स्टचा वेग थोडा बदलून पाहावा.

आता पायथ्यावरून वावरात येऊ. या पट्ट्यात काळविटांचे आणि रोह्यांचे कळप पिकांत उतरतात. ज्याच्या हरभऱ्यावर कळप पडतो, त्याच्यासाठी हा फोटोचा विषय नाही, रात्रभराच्या राखणीचा आहे. म्हणून कुणाच्या धुऱ्यावर कॅमेरा घेऊन उभं राहायचं तर आधी शेतमालकाला विचारावं.

काळविटाची उडी म्हटली की सगळ्यांना वाटतं, इथे प्रचंड बर्स्ट लागणार. गणित वेगळं सांगतं. त्याचं शरीर १ मीटर वर उसळलं तर तो सुमारे ०.९ सेकंद हवेत असतो. वर जाणारी कुठलीही वस्तू माथ्याजवळ मंदावते, त्यामुळे या वेळापैकी निम्मा वेळ तो उडीच्या वरच्या पाव भागातच असतो. सेकंदाला ५ फ्रेम देणाऱ्या साध्या कॅमेऱ्यातही त्या पाव भागातल्या निदान दोन फ्रेम मिळतात. उडीसाठी महागडा कॅमेरा लागत नाही.

तोच काळवीट कॅमेऱ्याच्या दिशेने धावत आला, तर मात्र खरी परीक्षा होते. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ४०० मिमीची लेन्स, एफ ५.६, प्राणी ३० मीटरवर आणि क्रॉप सेन्सरचा कॅमेरा असेल, तर जेवढ्या खोलीत चित्र रेखीव येतं ती खोली आहे सुमारे सव्वा मीटर. आणि १० फ्रेमच्या बर्स्टमध्ये दोन फोटोंदरम्यान काळवीट २ मीटरहून जास्त पुढे येतो! म्हणजे प्रत्येक फ्रेमला फोकस नव्याने लागला नाही, तर पहिला फोटो चांगला आणि बाकीचे सगळे फुकट. काही कॅमेऱ्यांत सर्वांत वेगवान बर्स्ट लावला की फोकस पहिल्या फ्रेमवरच अडकून राहतो, जाहिरातीत मात्र मोठा आकडाच ठळक छापलेला असतो. माझ्या मते आकड्यापेक्षा ही चौकशी कितीतरी महत्त्वाची. फोकस सतत बदलत ठेवून कॅमेरा किती फ्रेम देतो, तेवढंच विचारा.

दुसरी चौकशी बफरची. फोटो आधी कॅमेऱ्याच्या आतल्या तात्पुरत्या जागेत जमतात आणि तिथून कार्डावर उतरतात. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गाड्या येत राहिल्या आणि आत माल उतरवणं संथ असलं, की रांग फाटकाबाहेर जाते. बफर भरला की नेमकं तेच होतं, आणि कॅमेरा नव्या गाड्या घेणं थांबवतो. एक रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल २५ एमबीची धरली, तर १० फ्रेमला सेकंदाला २५० एमबी माल येतो. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला ३० एमबी लिहिण्याची हमी देतं, व्ही९० वालं ९० एमबीची. म्हणून कॅमेऱ्यावर लाख खर्च करून कार्डावर काटकसर करणं मला पटत नाही.

आकडे काय सांगतात ते पाहा. निकॉनच्या पी९०० या लांब झूमच्या कॅमेऱ्यात सेकंदाला ७ फ्रेम मिळतात, पण सलग ७च. एका सेकंदात दम संपतो, आणि ५ मीटरवरून सुटलेल्या खंड्याला तेवढाच वेळ लागतो. कॅनन आर१० सेकंदाला १५ फ्रेम देतो, पण रॉमध्ये जेमतेम २ सेकंद. उलट २०१६ चा निकॉन डी५०० सेकंदाला १० फ्रेमच देतो, पण योग्य कार्ड असेल तर २०० रॉ फोटो सलग काढतो. तो आता बनत नाही, जुन्या बाजारात मात्र अशा कॅमेऱ्याकडे आदराने बघावं.

आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर असतं. आवाज नाही, वेग जास्त. कॅनन आर७ यांत्रिक शटरने १५, इलेक्ट्रॉनिकने ३० फ्रेम देतो. सोनी ए९-३ तर १२०. पण स्वस्त सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्याला सेकंदाचा तिसावा भाग लागला, तर तेवढ्यात पंख हलतो आणि फोटोत तो वाकडा, मोडल्यासारखा दिसतो. ए९-३ मध्ये सगळा सेन्सर एकाच वेळी वाचला जातो, म्हणून तिथे हा दोष नाही. बाकीच्यांनी उडत्या पक्ष्याला यांत्रिक शटर वापरावं आणि पाणवठ्यावर उभ्या सांबराला निःशब्द. पाणी प्यायला आलेल्या जनावराला शटरच्या खडखडाटाने बिचकवण्याचं काहीच कारण नाही.

नव्या कॅमेऱ्यांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी सोय प्री-कॅप्चर आहे. हालचाल डोळ्यांना दिसून बोट दाबलं जाईपर्यंत माणसाचा सेकंदाचा पाचवा भाग जातोच, आणि फांदीवरून उडणारा वेडा राघू तेवढ्यात चौकटीबाहेर असतो. प्री-कॅप्चरमध्ये बटण अर्धं दाबलेलं असताना कॅमेरा मागचा अर्धा-एक सेकंद सतत साठवत राहतो आणि पूर्ण दाबलं की तो काळही कार्डावर उतरवतो.

आणि जिथे बर्स्टचा काडीचा उपयोग नाही, अशाही जागा आहेत. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभागाच्या निसर्गानुभवात मचाणावर बसलात, तर चांदण्यात एकेका फोटोला अर्धा-एक सेकंद प्रकाश द्यावा लागतो. तिथे सेकंदाला २० फ्रेम निघणारच कशा? रानपिंगळा घ्या. १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला खात्रीने न दिसलेलं हे घुबड नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि पुढे मेळघाटातही आढळलं. दिवसा उघड्या फांदीवर बराच वेळ बसणाऱ्या या पक्ष्याला कॅनन १५००डीच्या ३ फ्रेमही पुरतात. हवी असते ती लांब, स्वच्छ लेन्स.

म्हणून वऱ्हाडातल्या बहुतेक कामाला १० ते १५ फ्रेमचा, प्रत्येक फ्रेमला फोकस धरणारा कॅमेरा पुरे आहे. उरलेले पैसे लेन्सवर आणि चांगल्या कार्डावर लावावेत. फक्त सूर मारणाऱ्या खंड्यामागेच लागायचं असेल, तर २०-३० फ्रेम आणि प्री-कॅप्चरसाठी खिसा मोकळा करावा. दुकानात जाताना स्वतःचं कार्ड घेऊन जा. रॉ आणि यांत्रिक शटर लावा, समोरून येणाऱ्या दुचाकीवर फोकस धरा आणि बटण दाबून ठेवा. तिसऱ्या सेकंदालाही शटर मंदावलं नाही आणि शेवटच्या फोटोत नंबरप्लेट स्पष्ट वाचता आली, तर तो कॅमेरा बेलाशक घ्या.