पाचवा ऋतू : उपयोगी माणूस आणि माणूसपण

काल्पनिक राज्ये, जादू आणि कोपलेली निसर्गदैवते यांच्या कादंबऱ्या म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक, असे आपल्याकडे मानले जाते. दलित साहित्याने जगलेल्या अनुभवाला प्रमाण मानले. त्यामुळे अद्भुताकडे आपण संशयाने पाहतो, आणि तो संशय निराधार नाही. पुराणांतल्या अद्भुतानेच आपली गुलामगिरी पवित्र करून ठेवली होती. तरीही एका अद्भुत कादंबरीविषयी येथे लिहीत आहे, कारण ती आपलाच प्रश्न विचारते. ज्याच्या श्रमावर जग उभे आहे, त्यालाच जग माणूस का मानत नाही?

एन. के. जेमिसिन या अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखिका. त्यांची 'द फिफ्थ सीझन' ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली. 'द ओबेलिस्क गेट' (२०१६) आणि 'द स्टोन स्काय' (२०१७) हे तिचे पुढचे दोन भाग. विज्ञान व अद्भुत साहित्यातील ह्यूगो पुरस्कार २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे या तीन भागांना मिळाला. सर्वोत्कृष्ट कादंबरीचा ह्यूगो मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका, आणि सलग तीन वर्षे तो मिळविणाऱ्या पहिल्याच साहित्यिक.

कादंबरीतले जग एका अखंड भूखंडाचे आहे. त्याचे नाव 'स्टिलनेस', म्हणजे निश्चलता. प्रत्यक्षात ही भूमी सतत हादरत असते. काही शतकांनी एखादा महाभयंकर उद्रेक होतो, राखेने सूर्य झाकला जातो, पिके बुडतात, माणसे माणसांना खाऊ लागतात. हाच चार ऋतूंपलीकडचा पाचवा ऋतू. धरतीला हे लोक माता म्हणत नाहीत. ती 'बाप' आहे, आणि हा बाप माणसांचा वैरी आहे. आपले एकुलते लेकरू माणसांनी हिरावले म्हणून तो सूड घेतो, अशी तिथली कथा आहे.

या वैरी धरतीला आवरू शकणारे काही लोक जन्माला येतात. त्यांना 'ओरोजीन' म्हणतात. भोवतालची उष्णता आणि गती खेचून घेऊन ते भूकंप थोपवितात. मात्र ताबा सुटला तर आसपासचे जीव गोठून मरतात. म्हणून लोक त्यांना भितात आणि 'रोगा' अशी शिवी देतात. तिथल्या कायद्याने त्यांना माणूस मानलेले नाही.

दमाया ही अशीच एक लहान मुलगी. शाळेतल्या भांडणात तिची शक्ती उघड होते आणि आईबाप तिला धान्याच्या कोठारात कोंडून ठेवतात. मग तिला न्यायला शाफा नावाचा 'रक्षक' येतो. तो प्रेमाने बोलतो, तिला आपल्या घोड्यावर बसवितो, आणि वाटेत तिच्या हाताची हाडे मोडतो. एवढ्या वेदनेतही ती आपली शक्ती आवरते की नाही, याची ती परीक्षा असते. आवरली नसती तर त्याने तिला ठार केले असते. हे सगळे तिच्यावरच्या प्रेमापोटी करतो, असेही तो सांगतो.

कादंबरीचे मर्म या प्रसंगात आहे. मुलीने निसर्गावर ताबा मिळवायचा, ही वरवरची कथा झाली. निसर्गावर ताबा असलेल्या मुलीवर ताबा कोणाचा, हा खरा प्रश्न आहे.

'फुलक्रम' ही राजधानीतली ओरोजीनांची शाळा. तिथे अंथरूण आहे, जेवण आहे, विद्या आहे, गणवेश आहे. परीक्षा उत्तीर्ण होईल तशा बोटात अंगठ्या चढतात. घरात पहिली पदवी घेतलेल्या आमच्यासारख्यांनी ही पाने वाचताना अस्वस्थ व्हायला हवे. विद्येनेच आपल्याला माणसांत आणले, यात शंका नाही. परंतु जी विद्या फक्त व्यवस्थेच्या उपयोगी पडायला शिकविते, अंगठ्या देते आणि प्रश्न काढून घेते, ती कोणाची विद्या? दमाया पुढे 'सायनाइट' होते. सायनाइट हे एका खडकाचे नाव. फुलक्रममध्ये जन्मनाव टाकून दगडाचे नाव घ्यावे लागते. कोणाशी मूल जन्माला घालायचे, हेसुद्धा संस्थाच ठरविते.

आणि जे शिकत नाहीत त्यांचे काय? रस्त्यारस्त्यावर भूकंप थोपविण्याची ठाणी आहेत. अशा एका ठाण्यात सायनाइटला खुर्चीला बांधलेले एक मूल दिसते. त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून विचारशक्ती काढून घेतलेली असते. हादरा आला की ते केवळ प्रतिक्षिप्त क्रियेने तो थोपविते. साम्राज्याला त्याची शक्ती हवी असते, ते मूल नको असते.

हे परके वाटणार नाही. आपल्या गावगाड्यातही कोपलेल्या शक्तीला शांत करण्याचे काम ठराविक लोकांकडेच होते. पटकीची साथ आली की मरीआई कोपली असे म्हणत. पोतराजाने स्वतःच्या अंगावर आसूड ओढून घ्यायचा आणि देवीचा कोप आपल्या देहावर झेलायचा. देवीचा गाडा शिवेबाहेर काढून देण्याच्या विधीत राबायचे तेही आपणच. गाव वाचला की पोतराज परत गावाबाहेर. मैला हाताने साफ करण्याच्या कामावर २०१३ साली नवा, व्यापक कायदा करून बंदी घालण्यात आली, तरी गटारात उतरलेल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. धोका ज्याने झेलायचा त्यालाच अपवित्र ठरवायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे. उपयोग मान्य करायचा आणि माणूसपण नाकारायचे, यावरच ती चालते.

या जगात जातीही आहेत. ओझी वाहणारे, प्रजा वाढविणारे, शोध लावणारे, नेतृत्व करणारे अशा 'उपयोग-जाती'. त्या जन्माने मिळतात: मुलाला बापाची, मुलीला आईची. जगण्याचे नियम शिलालेखांवर कोरलेले आहेत. दगडावरचे म्हणून ते सनातन, असे लोक समजतात. अलाबास्टर हा ओरोजीन मात्र सांगतो की हे लेख सत्ताधाऱ्यांनी वेळोवेळी बदललेले आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तिसऱ्या भागात धरतीच्या वैराचाही इतिहास उलगडतो. हजारो वर्षांपूर्वी एका प्रगत राष्ट्राने एका जमातीला जिंकले आणि ती जमात हीन असल्याच्या दंतकथा रचल्या. मग त्या दंतकथांबरहुकूम माणसे घडवून त्यांना यंत्राचे सुटे भाग केले. धरतीच्या गर्भातून अखंड ऊर्जा उपसण्याचा त्यांचा बेत फसला आणि चंद्र कक्षेबाहेर फेकला गेला. बापाचे हरवलेले लेकरू ते हेच. म्हणजे निसर्गाचा कोप हा दैवी नव्हता. माणसाने माणसाच्या केलेल्या शोषणातून तो निर्माण झाला. ज्याला नियती म्हटले जाते त्यामागे कोणाचा तरी स्वार्थ असतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

सायनाइट पुढे 'एसुन' होते. एका गावात ओळख लपवून दहा वर्षे शिक्षिका म्हणून राहते. बाबुराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही १९६३ च्या संग्रहातील कथा येथे आठवल्याशिवाय राहत नाही. एसुनचा लहान मुलगा ओरोजीन आहे हे कळताच त्याचा बापच त्याला मारून टाकतो. त्याआधी, रक्षकांच्या हाती पडू नये म्हणून, तिने स्वतःच्या हाताने एक मूल संपविलेले असते. अमेरिकेत १८५६ साली मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीने, पकडले जात असताना, आपल्या मुलीला मारले होते. जेमिसिन यांचे अद्भुत अशा इतिहासातून आलेले आहे.

यिक्का नावाची स्त्री मात्र 'रोगा' ही शिवीच आपल्या नावात जातीच्या जागी लावते आणि एका वस्तीचे नेतृत्व करते. लपविण्याकडून जाहीर करण्याकडे जाणारी ही वाट आपल्या परिचयाची आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. तेव्हा ही कादंबरी आपल्यापर्यंत येणे हा त्याच देवाणघेवाणीचा पुढचा भाग होय.

एक आक्षेप मात्र नोंदविला पाहिजे. ओरोजीनांची शक्ती जन्मजात आणि खरोखरच प्राणघातक आहे. त्यामुळे त्यांना भिणाऱ्यांची भीती काही अंशी रास्त ठरते. आपल्या बाबतीत असा कोणताही जन्मजात भेद नाही. जात म्हणजे वंशभेद नव्हे, ती मनाची एक अवस्था आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'च्या विवेचनात मांडले आहे. विटाळ ही पूर्णपणे रचलेली गोष्ट आहे. हा फरक न सांगता ही कादंबरी वर्गात शिकविली, तर विद्यार्थी चुकीचा निष्कर्ष घेऊन जातील.

तरीही ती शिकवावी. एसुनची मुलगी नासुन सगळे जगच संपवू पाहते, कारण या जगाने तिला कधी आपले म्हटले नाही. आई जग जोडू पाहते. मायलेकींच्या या झगड्यातून शेवटी चंद्र परत येतो आणि धरतीशी तह होतो. मोडलेले जग सावरावे की मोडू द्यावे, हा दोघींमधला वाद आपल्या चळवळीतही आहे. त्याचे उत्तर तरुणांना तयार देण्यापेक्षा त्यांच्यासमोर हा वाद ठेवावा. दमायाचा हात कोणी मोडला आणि प्रेमाचे नाव घेऊन का मोडला, एवढे ते ओळखू लागले तरी वाचन सार्थकी लागले असे म्हणता येईल.