आधी खोली, मग स्पीकर

दोन फ्लॅट एकत्र करून झालेला दिवाणखाना किंवा बंगल्याचा वरचा मोकळा मजला हाताशी आला, की गाण्याच्या वेड्या माणसाला उत्तम स्टीरिओ स्पीकरचे वेध लागतात. मग दुकानं पालथी घातली जातात, किमती आणि वॉटचे आकडे ताडून पाहिले जातात. खरं तर हातात पहिल्यांदा मोजपट्टी घ्यायला हवी. मोठ्या जागेत जे ऐकू येतं, त्यात स्पीकरइतकाच खोलीचाही वाटा असतो.

खर्ज कुठे घुमतो?

समजा, खोली १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतरात ज्यांची अर्धी लहर पूर्ण पटीत बसते, ते सूर खोलीत घुमतात. ५ मीटर रुंदीसाठी ते ३४ आणि ६९ हर्ट्झच्या आसपास येतात. लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे लांबीतही हेच आकडे पुन्हा येतात आणि घुमणं वाढतं.

काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार लागते तीही जवळपास ६९ हर्ट्झलाच. त्यामुळे अशा खोलीत एका जागी खर्ज अंगावर येतो आणि दोन पावलं सरकलं की नाहीसा होतो. लाखो रुपयांच्या स्पीकरलाही हे चुकत नाही. जागा बदलून मात्र फरक पडतो. दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सव्वा मीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाव अंतरावर ठेवले, तर रुंदीतलं ६९ हर्ट्झचं घुमणं जवळजवळ सुरूच होत नाही. ऐकायची खुर्ची मागच्या भिंतीला चिकटवू नये, कारण तिथे खालचे सूर फुगतात.

निनादाचा हिशेब

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग आर्ट म्युझियममधल्या व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. तरुण प्राध्यापक वॉलेस सॅबिन यांच्याकडे ही अडचण सोडवायचं काम आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या रात्री आणून, ऑर्गनची नळी वाजवून, आवाज विरायला किती वेळ लागतो हे ते मोजत राहिले. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण ध्वनिशोषण.

आपल्या १५० घनमीटरच्या खोलीत निनाद अर्ध्या सेकंदावर आणायचा, तर सुमारे ४८ चौरस मीटरइतकं शोषण लागतं. टाइल्सची जमीन, प्लास्टरच्या भिंती आणि काँक्रीटचा स्लॅब मिळून त्याचा अगदी थोडा भाग देतात. जाड सतरंजी, कापडी सोफा, दुहेरी पडदे, पुस्तकांनी भरलेली कपाटं यांची गरज इथे पडते.

आवाजाचा आवाका

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंतींमुळे ही घट कमी असते, पण चार-पाच मीटरवर बसणाऱ्याला ती जाणवते. म्हणून मोठ्या खोलीसाठी माहितीपत्रकातला सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक वॉटमध्ये स्पीकर किती आवाज देतो याचा, आकडा आधी बघा. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जिथे १०० वॉट लागतात, तिथे ९७ डेसिबलचा स्पीकर १० वॉटमध्ये तेवढाच आवाज देतो.

याची दोन टोकं प्रसिद्ध आहेत. पॉल क्लिप्श यांचा १९४०च्या दशकातला क्लिप्शहॉर्न कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगितली जाते. बीबीसीचा छोटा एलएस३/५ए आहे ८३च्या आसपास. तो प्रक्षेपणाच्या गाड्यांमधल्या अरुंद जागेसाठी घडवला गेला, जवळून ऐकला तर मानवी आवाज सुरेख उमटवतो. दहा मीटरच्या दिवाणखान्यात तो दमतो आणि त्यात त्याचा दोष नाही.

खालच्या सुरांचा हिशेब आणखी कडक आहे. सूर एक सप्तक खाली गेला, तर तेवढ्याच आवाजासाठी वूफरच्या पडद्याला चौपट हालचाल करावी लागते. १५ इंची वूफरचं क्षेत्रफळ साडेसहा इंचीच्या पाचपटींहून अधिक असतं, त्यामुळे डग्ग्याची घुमक किंवा पखवाजाची थाप तो सहज पेलतो.

डोळे मिटून ऐका

कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. किंमत, आकार आणि नाव दिसेनासं झालं, तेव्हा बहुतेकांची पसंती एकाच प्रकारच्या स्पीकरकडे वळली: समोर सर्व सूर सारख्या प्रमाणात देणारा आणि बाजूलाही तोल न बिघडवणारा. मोठ्या खोलीत चारजण रांगेत बसणार असतील, तर हा बाजूचा तोल फार मोलाचा ठरतो.

पारख करताना वर्षानुवर्षं ऐकलेलं ध्वनिमुद्रण न्या. तानपुऱ्याची जवारी मोकळी ऐकू येते का, गायकाचा श्वास जागच्या जागी राहतो का, द्रुत लयीत डग्गा गढूळ होतो का, हे ऐका. आवाज वाढवल्यावर कान शिणले, तर तो स्पीकर तुमच्या खोलीला पुरा पडणार नाही.

एकूण रकमेतला काही भाग खोलीसाठी आधीच बाजूला काढा. आणि विक्रेता आठवडाभर स्पीकर घरी ठेवायला तयार नसेल, तर व्यवहार करू नका. दुकानातली खोली तुम्ही घरी नेणार नाही.